एकाच्या बदल्यात दोघं

पंच्याहत्तर सालच्या पोळ्यानंतरच्या रविवारी यंगमेन हॉकी क्लब परभणीकडून पाच-शून्यनं हरला. मध्यंतराला पागा मैदानाभोवती दोनशे माणूस होतं. शेवटची शिटी वाजली तेव्हा तीस-चाळीस उरलं होतं. उरलेल्यांत मुंजाजी खिल्लारे होता. हिंगोलीच्या पोस्टात तो पोस्टमन होता, वय बेचाळीस, आणि गेल्या एकोणीस वर्षांत यंगमेनचा घरचा एकही सामना त्यानं चुकवला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी नवरदेव हळदीच्या अंगानं हॉकी बघायला गेला होता, हे त्याची बायको कमलबाई अजून पाहुण्यांना सांगायची.

त्याच्या शेजारी शंकरसिंग राठोड बसला होता. शंकरसिंग एस.टी.त कंडक्टर होता, मूळ सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. रविवारची ड्यूटी टाळण्यासाठी तो आठवडाभर दुसऱ्यांच्या फेऱ्या मारायचा. पाचवा गोल झाला तेव्हा दोघंही बसूनच होते. दोन वर्षांपूर्वी असं झालं असतं तर शंकरसिंग मैदानाच्या रेषेवर जाऊन ओरडला असता. आता त्यानं तंबाखूची चिमूट मळली, अर्धी मुंजाजीला दिली आणि म्हणाला, की उद्या पहाटं रिसोडची गाडी आहे, उठायला पाहिजे.

हिंगोलीत हॉकी कुणी आणली याबद्दल दोन मतं होती. कुणी जुन्या पलटणीचं नाव घ्यायचं, कुणी नांदेडच्या शिखांचं. पण गावाला तिचं वेड होतं हे खरं. त्याच वर्षी मार्च महिन्यात भारतानं क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला, तेव्हा पानपट्टीवरच्या रेडिओभोवती एवढी गर्दी झाली की रस्त्यावरचे टांगे थांबले. गावाला वाटलं, आता आपलेही दिवस आले. आणि नेमकं त्याच वर्षी यंगमेन ढासळत गेला.

ढासळण्याची सुरुवात आधीची होती. क्लबचे अध्यक्ष हरिचंदशेठ जिनिंगचे मालक. माणूस मनानं चांगला, पण खेळातलं त्यांना एवढंच कळायचं की चेंडू फळीला लागला की टाळ्या वाजवायच्या. सेक्रेटरी किशनराव निवृत्त मास्तर. अक्षर मोत्यासारखं, आणि शेठ जे बोलतील ते त्या अक्षरात उतरवणं हेच आपलं काम, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. या दोघांनी आधी जुन्या हवालदार कोचला घरी बसवलं, कारण सरावाला उशिरा येणाऱ्या शेठच्या पुतण्याला त्यानं मैदानाला चार चकरा मारायला लावल्या होत्या. मग डाव्या बाजूचा हाफ बॅक गेला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही म्हणून तो गेला. आणि आषाढात थावरा गेला.

थावरा जाधव हा सेंटर फॉरवर्ड, वय बावीस. शंकरसिंगच्याच तांड्यावरचा आणि नात्यानं त्याचा भाचा. बाप लहानपणीच वारला होता. शंकरसिंगनंच त्याला शिकायला हिंगोलीत आणलं होतं. शिकणं राहिलं, हॉकी लागली. त्याच्या स्टिकला चेंडू चिकटला की समोरचे दोघं-तिघं उभ्या जागी फसायचे. नांदेडच्या स्पर्धेत अकोल्याच्या एका कापड गिरणीच्या मॅनेजरनं त्याला पाहिलं. गिरणीचा स्वतःचा संघ होता आणि हरिचंदशेठचा कापूस त्याच गिरणीला जायचा. मॅनेजरनं मागितला, शेठनं दिला. चहाचा कप खाली ठेवायच्या आत व्यवहार झाला, असं जिनिंगमधले लोक सांगायचे. किशनरावांनी वाचनालयाच्या फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: एका खेळाडूच्या बदल्यात दोन अनुभवी खेळाडू प्राप्त.

त्या दोघांतला एक फुल बॅक होता, पस्तिशी ओलांडलेला. चेंडू निघून गेल्यावर तो तिथं पोचायचा. दुसरा दोन सामने खेळला आणि सासुरवाडीला जातो म्हणून गेला तो गेलाच. क्लबनं त्याला पाठवलेलं कार्ड पंधरा दिवसांनी परत आलं, आणि ते किशनरावांच्या हातात द्यायला मुंजाजीच गेला.

"बैल बदलायचा तरी मानूस तोंड उघडून दात पाहते," शंकरसिंग त्या दिवशी म्हणाला होता. "ह्यांनी निस्ती शिंगं मोजली."

पाच-शून्यच्या त्या रविवारनंतर मुंजाजीच्या मनानं घेतलं की आता गप्प बसायचं नाही. त्यानं अर्ज लिहिला. कोच परत आणा, खेळाडू देताना-घेताना जाणत्या माणसांना विचारा, एवढ्या दोनच मागण्या. टपाल वाटता वाटता तो सह्या घेत फिरला. आणीबाणीचे दिवस होते. पुष्कळ जण वाचून मान हलवायचे आणि कागद परत द्यायचे. अर्ज हॉकीचा असला तरी अर्ज तो अर्जच, कशाला नसतं झेंगट, असं म्हणायचे. सरकारी नोकरीत असून मुंजाजीनं स्वतःची सही सर्वांत वर केली, हे पाहून काहींनी खाली केली. महिनाभरात त्रेसष्ट सह्या झाल्या. त्यातल्या तीन ठिकाणी नुसते अंगठे होते.

कार्तिकात शाळेच्या हॉलमध्ये क्लबची वार्षिक सभा भरली. मुंजाजी उभा राहिला. बोलायची सवय नव्हती, पण त्यानं अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग कागद खाली ठेवून म्हणाला, की आमी गोल मोजायला येत न्हाई. पाच काय, दहा होऊ द्या. पण आपला मानूस आपन कुणाला देऊन राहिलो, काहून देऊन राहिलो, हे आमाला फळ्यावर वाचावं लागते, त्याची तकलीफ हाय.

हरिचंदशेठचा चेहरा पडला. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, कारण आपण वाईट केलंय हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. किशनराव मात्र हसले. उठून म्हणाले, की खिल्लारे बोलले ते योग्य बोलले. इतकी कळकळ असलेला माणूस बाहेर का? त्यांना कमिटीत घ्यावं असा मी ठराव मांडतो. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात शंकरसिंगनं वाजवल्या.

घरी आल्यावर मुंजाजीनं कमलबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"आजपर्यंत तुमी शिव्या देत होते," ती म्हणाली. "आता खायची तयारी ठेवा."

कमिटीची बैठक दर महिन्याला जिनिंगच्या ऑफिसात व्हायची. पहिल्या बैठकीत पाहुण्यांसाठी मंडप कुठल्या बाजूला घालावा यावर दीड तास गेला. दुसऱ्या बैठकीत खेळाडूंच्या बनियनचा रंग बदलावा का यावर. कोचचा विषय मुंजाजीनं दोनदा काढला. दोन्ही वेळा किशनरावांनी तो टिपून घेतला आणि पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. कुणी त्याला वाईट बोललं नाही, कुणी अडवलं नाही. चहा आदरानं दिला जायचा. तरी बैठकीहून परतताना सायकल चालवायचं त्याच्या जिवावर यायचं, आणि दिवसभर टपाल वाटून जेवढे पाय दुखत नसत तेवढे दुखायचे.

जानेवारीत त्यानं शेठला एकट्याला गाठून सांगितलं, की मला एक काम करू द्या, थावराला परत आणू द्या. शेठ लगेच हो म्हणाले. त्यांनाही फळ्याची लाज वाटायला लागली होती. थावरा आला तर जिनिंगमध्ये त्याला काम देईन, असंही म्हणाले. मुंजाजीनं दोन दिवसांची रजा टाकली आणि मीटरगेजच्या गाडीनं अकोल्याला गेला.

गिरणीचं मैदान बघून तो थक्क झाला. गवत कापलेलं, रेषा चुन्याच्या, खेळाडूंसाठी पत्र्याची वेगळी खोली. सराव चालू होता. थावरा खेळत नव्हता. कडेला पायऱ्यांवर टॉवेल घेऊन बसला होता. मुंजाजीला बघून तो कठड्याला धरून उठला आणि वाकून पाया पडला. मग आईचं विचारलं, मामाचं विचारलं, तांड्यावर तुरी कशा आहेत ते विचारलं. इथं आपल्याला खेळवत नाहीत, म्हणाला. चौघं एका खोलीत राहतात, बाकीचे तिघं रात्रपाळीचे, बोलायला कुणी नसतं. सांगताना त्याचे डोळे भरले.

मुंजाजीला तेवढं पुरलं. त्याला वाटलं, वाळल्या झाडाला पाणी मिळालं नाही, एवढंच झालंय. त्यानं विचारलं, "येतू का परत?"

"येतो, काका," थावरा म्हणाला.

मॅनेजर गोड बोलणारा होता. थावराला न्यायला त्याची हरकत नव्हती. फक्त गिरणीला गोलकीपर हवा होता. तुमचा सोनाजी चांगला आहे, तो द्या आणि थावरा न्या. इतक्या सहज तयार होतो म्हणजे काही असेल का, अशी एक शंका परतीच्या गाडीत वाशिमच्या आसपास मुंजाजीच्या मनात आली. पण थावराचे भरलेले डोळे त्याला आठवले आणि ती शंका त्यानं बाजूला सारली. सोनाजी जाणं वाईटच होतं. पण गोल अडवायला माणूस घडवता येईल, थावरासारखा सेंटर फॉरवर्ड पन्नास वर्षांत एकदा मिळतो, असं त्यानं स्वतःला पटवलं. बैठकीत त्यानं ते तसंच मांडलं. दहा मिनिटांत ठराव झाला. इतक्या लवकर झालेला त्या कमिटीतला तो पहिलाच ठराव होता.

सोनाजी कांबळे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात रोजंदारीवर होता. व्हॉल्व्ह खोलायचा, बंद करायचा. सव्वीस वर्षांचा, अंगानं आडवा, कमी बोलणारा. शाळेत असताना त्याला गोलात पहिल्यांदा उभं केलं ते मुंजाजीनंच, पोरांचा खेळ बघता बघता. त्याला सांगायचं काम मुंजाजीनं स्वतःकडे घेतलं. पाण्याच्या टाकीखाली दोघं उभे राहिले. मुंजाजीनं सगळं सांगितलं. गिरणीत पक्की नोकरी आहे, क्लबचंही भलं आहे. सोनाजीनं हातातली किल्ली पुसली.

"तुमी ठरवलं का, काका?" त्यानं विचारलं.

"कमिटीनं ठरवलं. मीच मांडलं."

"मंग बराबर असंल," सोनाजी म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात गेला.

पुढं कित्येक महिने मुंजाजीला हे वाक्य आठवत राहिलं. सोनाजी नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

मार्चमध्ये थावराचा पहिला सामना वसमतशी होता. मैदान पुन्हा भरलं. लोकांनी मुंजाजीच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी पेढे आणले. शंकरसिंगनं तांड्यावरून थावराच्या आईला, भिकाबाईला आणलं होतं. ती लाल ओढणी डोक्यावरून ओढून शंकरसिंगजवळ खाली बसली. सुरुवातीची दहा मिनिटं थावरा पूर्वीसारखा दिसला. मग एका वळणावर त्याचा उजवा गुडघा आत गेला आणि तो बसला. उठला, पुन्हा धावला, पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी त्याला दोघांनी उचलून बाहेर आणलं. तिकडं गोलात उभा असलेला नवा पोरगा चार गोल खाऊन मोकळा झाला होता.

मुंजाजी गुडघ्यापाशी बसला. सुजेच्या खाली जुनी सूज होती. त्यानं हळूच विचारलं, की हे कधीचं. थावरानं सांगितलं, दिवाळीच्या आधीचं. गिरणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की आता धावायचं काम नको.

"मला बोलला न्हाईस," मुंजाजी म्हणाला.

"तुमी इचारलं न्हाई, काका. तुमी येतू का म्हनलं. मला घरी यायचं होतं."

यावर मुंजाजीला रागावता आलं नाही. त्याला एकदम थकल्यासारखं झालं. अकोल्याच्या त्या पायऱ्या त्याला दिसल्या, कठडा धरून उठणारा थावरा दिसला. मॅनेजरचं गोड बोलणं आठवलं. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडलं होतं.

लोकांनी दोन-तीन आठवडे वाट बघितली आणि मग सुरुवात केली. हरिचंदशेठला ज्या शिव्या मिळायच्या त्या आता मुंजाजीला मिळू लागल्या. शेठला लोक पाठीमागं शिव्या द्यायचे. पोस्टमनला तोंडावर देता येत होत्या. टपाल देताना कुणी विचारायचं, की पोस्टमनसाहेब, आता कुणाला विकता. बाजारात एकानं सर्वांसमोर म्हटलं, की घरचा गोली देऊन लंगडा घोडा आणला. हे बोलणाऱ्याचा अंगठा त्या अर्जावर होता, हे मुंजाजीला माहीत होतं. पण त्या माणसाचं म्हणणं खरंच होतं. एकोणीस वर्षं आपणही असंच बोलत आलो, आणि ते ऐकणाऱ्याला घरी जाऊन जेवण जात नसेल, हे आपल्याला कधी सुचलं नाही, असं तो कमलबाईला म्हणाला. कमलबाईनं त्याला तयारीची आठवण करून दिली नाही. ताटात भाकरी वाढली आणि जेवा म्हणाली.

शंकरसिंगनं शिव्या दिल्या नाहीत. तो फक्त कमी बोलायला लागला. रविवारी आला तर थोडं अंतर ठेवून बसायचा. हंगाम संपला आणि जिनिंगमधलं थावराचं कामही संपलं. शेठनं पुढच्या हंगामात बघू म्हटलं. थावरा तांड्यावर परत गेला.

जूनमध्ये मुंजाजीला राहवलं नाही. सेनगावच्या गाडीत शंकरसिंगचीच ड्यूटी होती. कुठं चालला, असं शंकरसिंगनं विचारलं. तुझ्या बहिणीची माफी मागायला, मुंजाजी म्हणाला. शंकरसिंगनं तिकीट फाडलं, त्याच्या हातात दिलं, आणि फाट्यावर गाडी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी केली. खाली उतरून त्यानं तांड्याची जवळची पायवाट दाखवली. पावसानं ओढ्याला पाणी आलं असेल, वरच्या अंगानं जा, एवढंच बोलला. तरी मुंजाजीला हलकं वाटलं.

भिकाबाई घरापुढं बसून बियाणाची तूर निवडत होती. तिनं मुंजाजीला बाज टाकली, पाणी दिलं. तो शब्द जुळवत राहिला. शेवटी म्हणाला, की माझ्यामुळं तुमच्या लेकराचं नुकसान झालं, मी नीट बघितलं असतं तर त्याचा गिरणीत इलाज तरी झाला असता.

भिकाबाईनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "इलाज करनार होते तर आधीच केला असता," ती म्हणाली. "तिथं ते लेकरू तीन-चार महिने पडलं, कुनी मला कार्ड टाकलं न्हाई. तुमी जाऊन आनलं. तुमच्या खेळाचं तुमी बघा. मला माझा पोरगा घरी हाय."

थावरा शेतात होता. काठी टेकत तिफणीच्या मागं मागं सरीत बघत चालला होता. मुंजाजी बांधावर उभा राहिला तेव्हा तो हसला. हॉकीचा विषय दोघांनी काढला नाही. पुढच्या महिन्यात मुंजाजी त्याला घेऊन नांदेडला एका हाडवैद्याकडे तीनदा गेला. चालणं सुधारलं. धावणं नाही.

सोनाजीचं ओझं मात्र कुणी असं उतरवलं नाही. त्याची बायको लक्ष्मीबाई तान्ह्या पोरीला घेऊन हिंगोलीतच राहिली होती, कारण गिरणीनं खोली दिली ती चार गड्यांच्या भागीदारीत. श्रावणात एके दिवशी ती मुंजाजीच्या घरी आली. भांडली नाही. कमलबाईनं दिलेला चहा तिनं पूर्ण प्यायला. मग विचारलं, की त्यांना परत कधी आणता. थावराला आणलं तसं यांनाही आणता येत असंल ना, तुमी कमिटीत हायेत. मुंजाजीनं जमिनीकडं बघितलं. सोनाजी अकोल्यात चांगला खेळत होता, गिरणी त्याला सोडणार नव्हती, आणि यंगमेनकडं त्याच्या बदल्यात द्यायला कुणी उरलं नव्हतं. हे सगळं तिला सांगायचं कसं, ते त्याला कळेना. तो म्हणाला, मी कार्ड टाकतो. ती हो म्हणाली आणि उठली.

त्याच महिन्यात रेडिओवर मॉन्ट्रियल ऑलिम्पिकची बातमी आली. भारत सातवा. पानपट्टीवर टांगे थांबले नाहीत. एक म्हातारा म्हणाला, की तिथं खालचं गवतच खोटं होतं म्हणतात. दुसरा म्हणाला, तिथल्या कमिटीतही आपले मुंजाजीच बसले असतील. लोक हसले. पिशवी खांद्याला लावून तिथूनच चाललेला मुंजाजीही थोडं हसला.

त्यानं किशनरावांकडं राजीनामा दिला. किशनरावांनी तो नीट घडी करून ठेवला आणि पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. पुढच्या बैठकीत तो निघालाच नाही. निघाला तो दुसराच विषय. जालन्याच्या एका क्लबनं आपला उजवा हाफ बॅक पेमा पवार मागितला होता आणि बदल्यात दोघं देतो म्हणत होता. शेठनं सवयीनं मान हलवली. मुंजाजी राजीनामा देऊनही तिथं बसला होता, कारण तो मंजूर झाला नव्हता.

"पेमाला बोलवा," तो म्हणाला. "त्याला समोर बसवून इचारा. आन ते दोघं कोन हायेत, त्यांना आधी आपल्या मैदानावर पळवून बघा."

किशनराव म्हणाले, अशी पद्धत नाही. मुंजाजी म्हणाला, मला माहीत आहे. मी पण विचारलं नव्हतं. शेठनं बराच वेळ पेपरवेट फिरवला आणि मग जिनिंगचा गडी पेमाला बोलवायला पाठवला. पेमा तेलकट हातांनी आला, दारातच उभा राहिला, आणि मला जायचं नाही म्हणाला. विषय संपला. मुंजाजीला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की हे विचारायला जेमतेम एक मिनिट लागलं होतं. त्यानं राजीनाम्याची पुन्हा आठवण केली नाही.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत सोनाजीला गिरणीच्या चाळीत स्वतंत्र खोली मिळाली आणि तो बायको-पोरीला न्यायला आला. मुंजाजी स्टेशनवर गेला. टपालाची थैली घ्यायची पाळी त्या दिवशी त्याचीच होती. फलाटावर दोन ट्रंका, एक पोतं, पाटा-वरवंटा फडक्यात बांधलेला. लक्ष्मीबाईनं जयभीम घातला आणि पोरीला त्याच्याकडं दिलं. सोनाजी अंगानं आणखी भरला होता. कपाळावर चेंडू लागल्याची नवी खूण होती.

मुंजाजी म्हणाला, की मी तुला न विचारता पाठवलं. तुला तिथंच राहावं लागलं.

सोनाजीनं थोडा विचार केला. पहिले सहा-सात महिने लई जड गेले, म्हणाला. पोरगी मला ओळखत नव्हती, मागल्या खेपेला मला बघून रडली. ते गेलेलं काही येत नाही. पण आता पक्कं झालंय. मग त्यानं विचारलं, "गोलात कोन उभं राहते आता?"

मुंजाजीनं सांगितलं, की चौघं बदलून झाले. आत्ता बाजारातल्या शिंप्याचा पोरगा आहे, हिंमत आहे, पण कॉर्नरला मागं सरकतो.

"त्याला म्हनावं मागं सरकू नको," सोनाजी म्हणाला. "शिटी वाजली की दोन पावलं म्होरं यायचं. चेंडू लागते, पन लागू द्यायचा. आन डाव्या खांबापाशी घसरन हाय आपल्या मैदानावर, तिथं माती टाकून घ्या. मी कितीदा किशनरावांना सांगितलं."

"टाकतो," मुंजाजी म्हणाला.

गाडी आली. दोघांनी मिळून ट्रंका चढवल्या. पोरगी मुंजाजीच्या खांद्यावर झोपली होती, ती लक्ष्मीबाईनं खिडकीतून घेतली. शेवटच्या डब्यातून थैल्या खाली पडल्या. मुंजाजीनं सही केली, थैली सायकलीला बांधली आणि पोस्टाकडं निघाला. वाटेत पागा मैदान लागलं तेव्हा तो उतरला. डाव्या खांबापाशी जाऊन त्यानं बुटानं जमीन दाबून बघितली. सोनाजी म्हणाला तसा तिथं खोलगट भाग होता, हातभर लांब. दोन टोपल्या मुरूम पुरेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि पत्रं वाटायला उशीर होईल म्हणून पुन्हा सायकलीवर बसला.